नाईल आटली म्हणून फातिमी खिलाफत खचली का?

प्रश्न असा आहे: अकराव्या शतकात नाईलचा पूर वारंवार कमी आला, इजिप्तमध्ये सात वर्षांचा दुष्काळ पडला आणि फातिमी खिलाफत त्यातून पूर्वीसारखी कधीच उभी राहिली नाही, असे वाचनात येते. मग हवामानाने एक साम्राज्य खाली आणले असे म्हणायचे का?

मध्ययुगीन इजिप्तचे पाणी आणि महसूल हा माझा शिकवण्याचा विषय आहे, आणि दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी हेच विचारतो. माझे उत्तर असे: नाईलने धक्का दिला हे खरे आहे. पण तसे धक्के याच घराण्याने आधी पचवले होते. 1065 ते 1072 च्या दुष्काळात जे मोडले ते धान्याचे कोठार, सैन्याचा पगार आणि गावोगावची बांधबंदिस्ती, आणि यातल्या पहिल्या दोन गोष्टी पूर कमी येण्याच्या कितीतरी आधीच माणसांनी पोखरून ठेवल्या होत्या. आता हे सविस्तर सांगतो.

आधी नदी समजून घ्यावी लागते. कैरोत पाऊस जवळपास पडतच नाही. तिथली शेती इथिओपियाच्या डोंगरांवर जून ते सप्टेंबर पडणाऱ्या पावसावर चालायची. ते पाणी निळ्या नाईलमधून आणि अटबारा नदीतून खाली येई. जूनअखेर नदी चढायला लागे आणि सप्टेंबरच्या सुमारास शिगेला पोहोचे. शेतांना बांध घालून मोठमोठे चौक पाडलेले असत. पाटाने पाणी आत घ्यायचे, महिना-सव्वा महिना कोंडून ठेवायचे, गाळ बसू द्यायचा आणि पाणी सोडून दिल्यावर त्या ओल्या मातीत गहू, जव, जवस आणि गुरांसाठी बरसीम पेरायचे. कापणी एप्रिल-मेमध्ये. वर्षाला एकच संधी. ती हुकली की पुढच्या वर्षीच्या पुरापर्यंत हातात काही नाही.

पुराची उंची मोजायला फुस्तात या कैरोलगतच्या जुन्या शहरासमोरच्या रोडा बेटावर 861 मध्ये बांधलेली विहीर आजही पाहायला मिळते. मधोमध दगडी खांब आणि त्यावर हात व अंगुळांच्या खुणा. पाणी 16 हातांवर गेले की पूर पुरा झाला असे जाहीर होई, कैरोच्या कालव्याचा बांध फोडण्याचा सोहळा होई आणि सरकारला पूर्ण सारा मागण्याचा हक्क मिळे. 14 हातांवर टंचाई ठरलेली. 18 म्हणजे सुकाळ, आणि त्याहून फार वर गेले तर बांध फुटून पुन्हा नुकसान. म्हणजे एका खांबावरच्या दोन-तीन खुणांमध्ये साऱ्या देशाचे अंदाजपत्रक बसलेले होते.

व्यापाऱ्यांनाही हे गणित पाठ होते. ऑगस्टमध्ये पाणी हळू चढते आहे अशी कुजबूज सुरू झाली की वखारींची दारे बंद होत आणि भाव लगेच चढे. प्रत्यक्षात मागच्या वर्षीचे धान्य तेव्हा शिल्लक असे. म्हणूनच फातिमी खलीफा अल-मुइझ्झने 973 मध्ये इजिप्तला आल्यावर हुकूम काढला की रोजचा चढ लोकांना ओरडून सांगायचा नाही. 16 हात झाले की मगच सांगायचे. हा हुकूम मला फार महत्त्वाचा वाटतो. टंचाई आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी पहिलीच्या आधी येते, हे त्याला नेमके कळले होते.

इथे आपल्याकडचा एक धागा आहे, तो खराच आहे म्हणून सांगतो. इथिओपियावरचा पाऊस आणि आपला मोसमी पाऊस यांची नाळ एकच. प्रशांत महासागरात एल निनो जोर धरतो तेव्हा पुष्कळदा दोन्हीकडे पाऊस ओढ देतो. 1877 मध्ये नाईलचा पूर अतिशय कमी आला, आणि 1876 ते 1878 हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. 1899 चेही तसेच. त्यामुळे अकराव्या शतकातली नाईलची नोंद वाचताना मराठी वाचकाने ती परक्या नदीची म्हणून वाचू नये.

आता फातिमींकडे. हे शिया इस्माइली घराणे 909 मध्ये आजच्या ट्युनिशियात सत्तेवर आले. इजिप्त त्यांनी 969 मध्ये घेतला तो मुळात नाईलच्या ओढीमुळेच सोपा झाला. 960 च्या दशकात पूर वर्षामागून वर्ष कमी येत होता. 967 मध्ये तर पाणी 12 हातांच्या थोडे वरच थांबले. आधीचे इखशिदी राज्य त्यात खिळखिळे झाले, 968 मध्ये त्याचा कर्ता पुरुष काफूर वारला आणि सेनापती जौहर जवळजवळ विनासायास आत आला. पण दुष्काळ काही लगेच संपला नाही. जौहरने धान्याच्या साऱ्या दलालांना एकाच जागी बसवले, तिथे यायला-जायला एकच वाट ठेवली आणि धान्याचा प्रत्येक दाणा बाजार-निरीक्षकाच्या डोळ्यांखालून जाऊ लागला. नवे राज्य, रिकामी शेते, तरी व्यवस्था टिकली.

1024-25 मध्ये पुन्हा टंचाई आली. त्या वेळी बकरी ईदच्या राजवाड्यातल्या मेजवानीवर उपाशी गुलाम-सैनिक 'भूक, भूक' ओरडत तुटून पडले होते. तेही वर्ष निभावले.

पर्शियन प्रवासी नासिर खुसरो 1047 मध्ये कैरोत पोहोचला तेव्हा त्याने जे शहर पाहिले ते वाचून आजही माणूस थक्क होतो. अनेक मजली घरे, खलीफाच्या मालकीची 20,000 दुकाने, सराफ आणि जवाहिऱ्यांनी दाराला कुलूपही न लावता नुसती दोरी बांधून निघून जावे इतकी सुरक्षितता. गादीवर अल-मुस्तनसिर होता. 1036 मध्ये सात वर्षांचा असताना तो खलीफा झाला आणि 1094 पर्यंत राहिला. 1059 मध्ये तर खुद्द बगदादच्या मशिदींत काही महिने त्याच्या नावाचा खुतबा, म्हणजे शुक्रवारचे प्रवचन, वाचला गेला. अब्बासींच्या, म्हणजे प्रतिस्पर्धी सुन्नी खलीफांच्या, राजधानीत! फातिमींचे याहून मोठे स्वप्न नव्हते. आणि यानंतर सहा वर्षांनी महादुष्काळ सुरू झाला.

मग मधे घडले काय? इथे वजीर अल-याझूरीची गोष्ट सांगायलाच हवी. सरकार दरवर्षी सुमारे एक लाख दिनारांचे धान्य विकत घेऊन कोठारात ठेवत असे आणि नंतर विकत असे. 1050 च्या आगेमागे भाव पडले, कोठारातले धान्य सडू लागले, तोटा दिसायला लागला. याझूरीने सल्ला दिला की सरकारने धान्याचा व्यापार सोडावा आणि त्याऐवजी लाकूड, साबण, लोखंड, शिसे, मध अशा टिकणाऱ्या मालात पैसा घालावा. हिशेबाच्या वहीत हा सल्ला बिनचूक होता. दोन-चार सुकाळांची वर्षे गेली की असे सल्ले नेहमी बिनचूकच दिसतात. पुढे पूर कमी आला आणि सरकारी कोठारात राजवाड्यापुरते आणि गोरगरिबांच्या शिध्यापुरतेच धान्य निघाले.

त्या वेळी याझूरीने जे केले त्याचे श्रेय मात्र त्याला द्यायला हवे. सारा भरायला पैसे नसलेल्या शेतकऱ्यांचे उभे पीक व्यापारी कमी भावात आधीच लिहून घेत असत. याझूरीने त्या वह्या तपासायला लावल्या, व्यापाऱ्यांना दिनारामागे एक अष्टमांश नफा देऊन ते पीक सरकारने उचलले आणि कोठारांना मोहोर लावली. मग रोज 1000 पोती राजधानीत येऊ लागली, 700 फुस्तातला आणि 300 कैरोला. नवे पीक येईपर्यंत हा रतीब चालला. शिवाय त्याने बायझंटाइन सम्राट नवव्या कॉन्स्टंटाइनकडे धान्य मागितले आणि त्याने 4,00,000 इर्दब गहू द्यायचे कबूल केले. एक इर्दब गहू म्हणजे सुमारे 70 किलो, आणि माणसाला वर्षाला साधारण तीन इर्दब लागतात असे धरले तर एक लाख तीस हजार माणसांचे वर्षाचे अन्न. जानेवारी 1055 मध्ये सम्राट वारला. त्याच्यामागून आलेल्या थिओडोराने धान्याच्या बदल्यात लष्करी मदतीचा करार मागितला, कैरोने नकार दिला, गहू आला नाही आणि उलट सीरियाच्या किनाऱ्यावर दोघांची लढाई जुंपली. तरीही 1055 मध्ये राज्य उभेच होते, कारण कारभार एका हातात होता.

1058 मध्ये याझूरीला मारण्यात आले. त्यानंतरची पंधरा वर्षे वजीर इतक्या झपाट्याने बदलत गेले की काहींना आपली कचेरी नीट पाहायलाही सवड मिळाली नसेल. आणि इथून सैन्याचा प्रश्न सुरू होतो, जो माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे.

फातिमी फौज तीन मुख्य गटांची होती: उत्तर आफ्रिकेतून आलेले बर्बर, गुलाम म्हणून विकत आणलेले तुर्क आणि तसेच आणलेले कृष्णवर्णीय सुदानी सैनिक. खलीफाची आई स्वतः सुदानी गुलाम होती आणि तिने सुदानी पलटणी वाढवल्या. 1062 च्या सुमारास तुर्क आणि सुदानी यांच्यात उघड युद्ध पेटले. तुर्कांचा म्होरक्या होता नासिर अल-दौला इब्न हमदान. सुदानी हरले आणि दक्षिणेकडे वरच्या इजिप्तमध्ये हटले. राजधानी तुर्कांच्या मुठीत आली. त्यांच्या पलटणींचा महिन्याचा पगार 28,000 दिनारांवरून 4,00,000 दिनारांवर गेला असे इतिहासकार अल-मकरीझी सांगतो.

या आकड्याशी जरा थांबू. महिना चार लाख म्हणजे वर्षाला 48 लाख. त्या काळाच्या आगेमागे इजिप्तचा साऱ्याचा वार्षिक वसूल 28 लाख दिनार सांगितला जातो. आकडा फुगवलेला असेल असे धरून निम्मा केला तरी नाईल भरून वाहत असतानाही जवळजवळ सारा वसूल त्या पगारातच संपत होता. मग पुरेल कसा? राजवाडा विकून. 1067 पासून खजिन्यातली रत्ने, शस्त्रे, स्फटिकाची भांडी, गालिचे पगारापोटी बाहेर जाऊ लागले. 1068 मध्ये एका वजिराने थकलेल्या पगाराच्या बदल्यात 25 उंटांवर लादून राजवाड्यातली पुस्तके घरी नेली. उरलेल्या ग्रंथांच्या चामडी बांधण्या फाडून गुलामांनी जोडे शिवले, पाने जाळली. जी जळायची राहिली त्यांवर वारा वाळू उडवत राहिला आणि त्या ढिगांना लोक पुस्तकांच्या टेकड्या म्हणू लागले.

अशा अवस्थेत 1065 पासून पूर आणि पेरणी दोन्ही कोलमडली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

त्या वर्षांच्या कथा अंगावर काटा आणतात. फुस्तातच्या दिव्यांच्या गल्लीत एक भाकरी लिलावात एखाद्या दागिन्यासारखी 15 दिनारांना गेली. कुत्रे पाच दिनारांना, मांजर तीन दिनारांना विकले गेले आणि शेवटी तेही दिसेनासे झाले. माणसांनी माणसे खाल्ल्याच्या नोंदी आहेत. वजीर दरबारात गेला तेव्हा बाहेर बांधलेले त्याचे खेचर तिघांनी कापून खाल्ले. तिघांना सुळावर दिले, तर सकाळी त्यांची फक्त हाडे लटकत होती. खलीफाकडे बसायला चटई उरली होती आणि एका विद्वानाची मुलगी रोज धाडत असलेल्या अन्नावर त्याचे दिवस जात होते. राजघराण्यातल्या बायका भुकेने बगदादच्या वाटेला लागल्या.

एका बाईची गोष्ट मात्र मी वर्गात नेहमी पूर्ण सांगतो. तिच्याजवळ 1000 दिनारांचा रत्नहार होता. तो घेऊन ती दारोदार फिरली. अखेर एकाने थैलीभर पीठ दिले. फुस्तातहून कैरोकडे येताना लुटारूंपासून राखायला तिने त्यातलेच थोडे पीठ सोबत्यांना दिले. बाब झुवेलाच्या वेशीशी ते मागे फिरले आणि जेमतेम आत शिरते तोच गर्दीने थैली फाडली. तिच्या हाताला मूठभर पीठ लागले. त्याची तिने एक भाकरी भाजली, राजवाड्याच्या दारासमोर उंच जागी उभी राहिली आणि ती भाकरी वर धरून ओरडली की कैरोच्या लोकांनो, आपल्या मालकांसाठी दुवा मागा, त्यांच्या राज्यात ही भाकरी मला हजार दिनारांना पडली.

हे ऐकून खलीफाने शहराच्या सुभेदाराला दम भरला: बाजारात धान्य आले नाही तर तुझे डोके जाईल. सुभेदाराने तुरुंगातून मृत्युदंडाचे कैदी काढले, त्यांना श्रीमंत व्यापाऱ्यांचे अंगरखे आणि पागोटी चढवली, खऱ्या धान्य-व्यापाऱ्यांना सभेला बोलावले आणि त्यांच्यासमोर एकेका 'व्यापाऱ्या'ला साठेबाज म्हणून उभे करून मान उडवली. दोन-तीन झाल्यावर खरे व्यापारी गयावया करू लागले की पुरे, आम्ही वखारी उघडतो. म्हणजे शहरात तेव्हाही काही धान्य होते.

या कथा अल-मकरीझीने लिहिल्या त्या घटनेनंतर साडेतीनशे वर्षांनी. पण तो जुन्या बखरी समोर ठेवून लिहीत होता, स्वतः कैरोचा बाजार-निरीक्षक राहिला होता आणि पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा दुष्काळ त्याने डोळ्यांनी पाहिला होता. त्यामुळे तपशिलाला मीठमसाला लागला असेल हे मान्य करूनही बाजार कसा वागतो याबाबत मी त्याचा शब्द प्रमाण मानतो. आणि कारणमीमांसा करताना त्याने दिलेला क्रम पाहा: सत्तेचा दुबळेपणा, कारभाराची विस्कट, सरदारांनी राज्य बळकावणे, टोळ्यांची सततची भांडणे, मग नाईलची तूट, आणि शेवटी, पाणी पोहोचलेल्या जमिनीतही पेरायला माणूस नसणे.

ते शेवटचे कारण पुन्हा वाचा. पाणी होते, माणूस नव्हता. नासिर अल-दौलाने आणि त्याच्या मित्र टोळ्यांनी नाईलच्या त्रिभुज प्रदेशातून राजधानीकडे जाणारे धान्य अडवले. पलटणी गावांतून रसद उपटत होत्या. चौकांत पाणी कोंडून केलेली ही शेती सामुदायिक असते. वरच्या गावाने बांध राखला नाही, पाट उपसला नाही, तर खालच्या दहा गावांना पाणी मिळत नाही. बियाणे खाल्ले गेले, बैल कापले गेले, माणसे मेली किंवा पळाली. त्यावर साथी आल्या. पूर पुन्हा नीट आला तरी त्याला शेतात घ्यायला कोणी नव्हते. म्हणूनच एक-दोन तुटीच्या वर्षांची सात वर्षे झाली.

साम्राज्य किती आकसले ते थोडक्यात सांगतो. मक्केला धान्य इजिप्तमधून जाई. ते थांबले आणि 1070 च्या सुमारास मक्केच्या शरीफाने, म्हणजे तिथल्या शासकाने, खुतब्यातले फातिमी नाव काढून अब्बासी नाव घातले. 1073 मध्ये जेरुसलेम आणि 1076 पर्यंत दमास्कस सेल्जुक तुर्कांच्या अतसिझकडे गेले. नासिर अल-दौला त्याच्याच साथीदारांकडून 1073 मध्ये मारला गेला.

मग अल-मुस्तनसिरने सीरियाच्या किनाऱ्यावरच्या आक्का बंदराचा सुभेदार, मूळचा आर्मेनियन गुलाम असलेल्या बद्र अल-जमालीला गुपचूप बोलावले. तो भर हिवाळ्यात, जेव्हा कोणी जहाज हाकत नाही तेव्हा, आपली फौज घेऊन समुद्रमार्गे आला आणि 1074 च्या सुरुवातीला कैरोत शिरला. तुर्की सरदारांना त्याने एका रात्रीत कापले. पुढची काही वर्षे त्रिभुज प्रदेश आणि वरचा इजिप्त साफ करण्यात गेली. आणि त्याने शेतकऱ्यांना तीन वर्षे सारा माफ केला. माझ्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे काम हेच. वसूल हळूहळू 31 लाख दिनारांवर गेला. नाईल तीच होती.

पण सत्ता आता खलीफाची राहिली नाही. वजीर म्हणजे सेनापती, हा पायंडा 1171 मध्ये सलाहुद्दीनने खिलाफत बंद करेपर्यंत चालला. बद्र आणि अल-मुस्तनसिर दोघेही 1094 मध्ये वारले, आणि बद्रच्या मुलाने थोरल्या निझारला डावलून धाकट्या अल-मुस्तलीला गादीवर बसवले. इस्माइली पंथ तिथे दुभंगला. मुंबईतले खोजा निझारी परंपरेचे, दाऊदी बोहरा मुस्तली परंपरेचे. बोहरा परंपरेनुसार त्यांचा पहिला धर्मप्रचारक येमेनहून खंबातला उतरला तो 1067 मध्ये, म्हणजे कैरोत भाकरीचा लिलाव चालला होता त्याच वर्षांत. सैनिकाच्या हाती वारसदार निवडण्याची ताकद आली ती दुष्काळातून, आणि तिचा माग असा भेंडीबाजारापर्यंत येतो.

राहिला हवामानाचा मोठा दावा. दहाव्या शतकाच्या मध्यापासून 1072 पर्यंत नाईलच्या तुटीची वर्षे दाटीने येतात, बगदादमध्ये बर्फ पडल्याच्या, तैग्रिसचे काठ गोठल्याच्या नोंदी सापडतात, आणि त्याच काळात तुर्की टोळ्या दक्षिणेला सरकतात. काही इतिहासकार हे सारे एकाच थंड, कोरड्या पर्वात गुंफतात. दाटी खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण मी विद्यार्थ्यांना एक ताळा करायला सांगतो. 1200 मध्ये नाईल 12 हात 21 अंगुळांवरच थांबली. वैद्य अब्द अल-लतीफ अल-बगदादी तेव्हा कैरोत होता. माणसे खाल्ल्याचे वर्णन त्याने स्वतः पाहून लिहिले, आणि 22 महिन्यांत सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे 1,11,000 प्रेते दफन झाल्याचे तो सांगतो. राज्य होते सलाहुद्दीनचा भाऊ अल-आदिल याचे, आणि त्यानेही ते त्याच वर्षी बळकावलेले. तरी ते पडले नाही. त्याच्या सरदारांना दरमहा रोख पगार नव्हता. त्यांना जमिनींचा वसूल तोडून दिलेला होता, म्हणून तूट आली ती खजिन्याच्या दारात पलटणी गोळा करून आली नाही. ती प्रत्येक सरदाराच्या वाट्याला आपापल्या गावात आली, आणि पुढच्या वर्षी तेच गाव पेरले जावे यात त्याचाच फायदा होता.